चक्कीवरचा डब्बा

पैसे पडले की डब्बा वरडते,
"अठरा रुपये प्राप्त झाले!"
कोनाचं बेसन, कोनाची जवारी,
पारावर साऱ्याइले ठाव.

प्रणाली आली. दयन नव्हतं.
"मावशी, पाचशे टाकतो, नोटा दे.
अन् त्याचं तोंड दाब."
दाबलं. काहून, थे नाई पुसलं.

पान्याच्या टाकीचा हिसोब मांगतला तिनं गुरुपवर,
संध्याकायी तिलेच गुरुपातून काढलं.
आता लिवते तिथं, जिथं ॲडमिनच नाई,
कोनाच्यानं खोडनं होत नाई.
मंग तिच्याबद्दल बी लिवलं कोनंतरी,
तिथंच, बिननावाचं.
थे बी खोडनं होत नाई.

रडली नाई. बाहीवरचं पीठ झटकलं,
फोनातलं खातं दाखवलं.
पासबुक नाई, साहेब नाई,
नुसते बारा शब्द, इंग्रजीतले.
इसरले त गेले.
भांडाले खिडकी बी नाई.

माह्या मायची बँक लुगड्याच्या गाठीत होती, म्हटलं.
धुनं धुता धुता सुटली एकदा, वर्धा नदीत.

दहा शब्द कुठं दडवले, तिचं तिले ठाव.
दोन माह्या कानात सांगतले,
चक्की चालू करून.
त्यातलं येक त पाखराचं नाव हाये,

नाई.
थे बी नाई सांगत.