बाकी

हॉलमध्ये काल कुणाचं तरी लग्न झालेलं.
स्टेजवर थर्माकोलचं ‘शुभविवाह’ तसंच,
त्यातला ‘वि’ तेवढा गळालेला,
आणि त्याखाली टेबलं लावून बसलेत
भंडाऱ्याचे, रायपूरचे, इतवारीतले नाणेवाले.
अजब बंगल्यापासून चालत आलो.
प्रवेश वीस रुपये.
दारावरची पोरगी म्हणाली, सुट्टे द्या ना काका.
तीस वर्षं हे वाक्य माझं होतं.

नाणी सगळी गप्प.
आधी तेच खटकलं.
माझ्या चामडी पिशवीत ती इतकी भांडायची
की पेंगणारा माणूससुद्धा आपला थांबा चुकवत नसे.
इथे एकेकीला स्वतंत्र खोली, पुठ्ठ्याची भिंत,
प्लास्टिकची गोल खिडकी.

धकाते सर हत्तीवाले. हत्ती सोडून दुसरं घेत नाहीत.
पवनीकडचा एक, शिशाचा, सोंड झिजलेली,
तळहातावर ठेवून म्हणाले, दोन हजार वर्षं जी.
मग भोसल्यांचा रुपया दाखवला :
राज्य नागपूरचं, नाव दिल्लीच्या बादशहाचं.
मी म्हटलं, कळलं.
तिकिटावर नाव महामंडळाचं असायचं,
शिव्या मला.

पुढच्या टेबलावर चिल्लर किलोनं.
लाटांच्या काठाचे दहा पैसे, सहा कोनांचे वीस.
मूठ भरली, न बघता अंगठ्यानं सरकवत गेलो.
येतं अजून.
पोरगं म्हणालं, घ्यायचं आहे का नुसतं खेळायचं?

शेवटी मोक्षदा निखारेंच्या टेबलाशी
रुमालाची गाठ सोडली.
तिनं भिंग डोळ्याला लावलं, श्वास धरला.
रुपया.
सिंह एका बाजूला घसरलेले,
उरलेल्या भागात कोऱ्या धातूची कोर.
सालाखाली तारा, ती म्हणाली, हैदराबाद टाकसाळ.
खोटा? मी विचारलं.
खोटा कसा काका? शंभर टक्के खरा.
ठसा पडताना जरासा सरकला, बस.
चूक टाकसाळीची.
साडेतीन हजार देते. आत्ता.

काटोल गाडी. मे महिना.
फेटरीच्या पुढे, जिथे झाडसुद्धा नाही.
तिच्या मांडीवर तुरीची चुंगडी,
हातात हाच.
मी म्हटलं, माय, खोटा चालत नाही, उतर.
ती म्हणाली, म्या का घरी पाडला?
पैसा सरकारचा, गाडी सरकारची, मी मधात कुठं आली?
गाडी हसली. मलाही जरा हसू आलं होतं,
ते लपवायला
दोनदा घंटी मारली मी.
पायरीवरून उतरताना तिनं तो पिशवीत टाकला.
ठेव तुह्यापाशीच.

हिशेबात धरता येईना, फेकवेना.
बिल्ल्याच्या डबीत राहिला.
खरं सांगायचं तर मधली वीसेक वर्षं
आठवणही नव्हती.

देता का? मोक्षदानं पुन्हा विचारलं.
मी विचारलं, लेबलवर काय लिहिता?
साल, टाकसाळ, धातू, चुकीचा प्रकार.
अजून काय लिहिणार?

नाही म्हणालो. ती रागावली नाही.
एक चौकोनी पुठ्ठा काढला,
नाणं खिडकीत बसवलं, चार बाजूंनी चार टाचण्या मारल्या.
असाच ठेवा, म्हणाली, हात लावू नका, किंमत जाते.
पुठ्ठ्याचे पैसे घेतले नाहीत.
मी खिसे चाचपले. एक रुपया सुटा निघाला,
तोही तिनं परत सरकवला.

बाहेर चहाच्या टपरीवर
पुठ्ठा पालथा केला.
बॉलपेन अजून वरच्या खिशातच असतो.
गर्दीत, सुट्टे नसले की
तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायचो तसं
हात आपोआप चालला :
१ रु.
आणि भोवती गोल.
गाडी थांबल्यावर मागून घ्या, असं म्हणायचो तेव्हा.
बहुतेक जण
विसरून उतरत.