लंगडा काटा

ऑफिसनं कळवलं: एक तारखेपासून
रिपोर्ट मेलवरच, जागेवरून, फोटोसकट.
फोन ज्याचा त्यानं घ्यायचा.
म्हणून मी बर्डीवर, एप्रिलमध्ये, दुपारी साडेबाराला,
डोक्याला दुपट्टा गुंडाळून.

अफरोजच्या दुकानात कूलरचं तोंड
गिऱ्हाइकाकडे नाही, फोनच्या डब्यांकडे.
"बजेट बोला भाऊ."
मी बोलतो बारा. तो ऐकतो अठरा.
"हा पाहा, याच्यात चंद्रावरचे खड्डे दिसते."
चंद्राला काय करू बाप्पा,
मी वजनकाट्यांचा मेकॅनिक.
मला काट्यावरचा साठ टनाचा ट्रक दिसला पाहिजे
अन् ऑफिसचा मेल आला पाहिजे
कळमन्याच्या त्या शेडमध्ये
जिथे रेंजसुद्धा सावली शोधत फिरते.

"अन् नंबर?"
"सगळे येते. एकदा सिंक मारलं का
इकडचं तिकडे, तिकडचं इकडे."

इकडचं म्हणजे
माझ्या बटणवाल्या फोनमधली अकरा वर्षं:
बुटीबोरी लंगडा काटा.
कामठी रोड उंदीर, दोनदा केबल खाल्ली.
हिंगणा शेठ उधार.
संत्रा काटा रात्रपाळी.
धोमणे उचलत नाही.
धोमणे दुसरा, हाही नाही.

तिकडचं काय, ते मला माहीत नव्हतं.

"इथंच टाकून पाहा ना पासवर्ड,
चालते का नाही, आत्ताच समजते."
बोट जाड. तीनदा चुकलं.
चौथ्यांदा कूलरचा एक थेंब उडाला
अन् त्यानं स्वतःहून एक अक्षर दाबलं.
पाचव्यांदा उघडलं, अन् फोननं विचारलं:
या फोनमधलं सर्व काही
कंपनी दुरून पुसू शकेल. मान्य?

"सगळेच मान्य करते भाऊ. कोणी वाचत नाही."
मी वाचतो.
आमच्या धंद्यात चिठ्ठी न वाचता सही केली
तर ट्रक निघून जाते
अन् आठ क्विंटल कोणाच्या तरी नावावर राहते.
वाचलं. दोनदा वाचलं.
मग मान्य केलं.
महिन्याची एक तारीख परवावर होती.

गोल फिरलं, फिरलं,
अन् नावं उतरायला लागली,
इस्त्री करून, आडनाव आधी.
धोमणे निघाले सहायक व्यवस्थापक.
लंगडा काटा झाला युनिट सात.
मी खाली गेलो. न. नागदेवे. नारनवरे.
निमजे डी. के.
बोट ठेवलं.

तंत्रज्ञ, तात्पुरता.

गाडी आधी रिकामी तोलतात.
मग माल भरून पुन्हा काट्यावर घेतात,
एकातून दुसरं वजा करतात, जे उरतं ते खरं.
मला अकरा वर्षांपूर्वी
कोणीतरी रिकामा तोलला असेल.
मग पुन्हा काट्यावर घ्यायचं राहून गेलं.

"बराबर आलं ना सगळं?" अफरोज.
"बराबर," मी म्हटलं.
वीस किलोपर्यंतचा फरक
आम्ही फरक धरत नाही.

साडेचौदाला ठरला. काच वेगळी, कव्हर फुकट.
जुन्याचे तो दोनशे द्यायला तयार होता.
नाही दिला.

बाहेर पायऱ्यांवर, लिंबू-सरबताच्या गाडीमागे,
माझी नोंद पुन्हा उघडली.
तात्पुरता या शब्दावर बोट दाबून धरलं,
पाच सेकंद, दहा.
ही नोंद बदलण्याची आपल्याला परवानगी नाही.
उन्हात अक्षरं नीट दिसत नव्हती,
पण तेवढं दिसलं.

तिथंच पहिला मेल आला.
युनिट सात, बुटीबोरी. तातडीचे.
युनिट सातचा पत्ता, नकाशा, प्रभारीचं नाव,
सगळं नव्याला माहीत.
तो डाव्या मागच्या कोपऱ्यात लंगडतो,
पावसाळ्यात जास्त,
तिथला चौकीदार साखरेशिवायचा चहा पितो अन् चावी त्याच्याकडे असते,
हे जुन्याला.

जुना काढला. बटणं दाबली.
"उचलतो."
"निमजे बोलतो. लंगडला का?"
"लंगडला ना भाऊ. सकाळपासून तीन गाड्या उभ्या आहे. येऊन राहिले का?"

एक या खिशात, एक त्या.
गाडीला किक मारली.