तेरावा महिना

देब्रे बिरहानला तेरावा महिना दरवर्षी येतो,
पाच दिवसांचा,
वर्षाच्या मागे शेपटासारखा लटकलेला.
पाऊस नुकता आवरत असतो,
ब्लँकेटच्या कारखान्याच्या भिंती अजून ओल्या,
आणि टेकडीवर ती पिवळी फुलं
जी याच दिवसांत दिसतात,
नंतर कुणाला विचारलं तर हात हलवतात, गेली म्हणून.

आले त्या वर्षी आईला फोनवर सांगितलं.
तेरावा? ती म्हणाली, दुष्काळातला का?
नाही गं, इथे तो हिरवागार असतो.
आणि साल आपल्यापेक्षा सात-आठनं मागे.
म्हणजे तू तिकडे अजून सत्ताविशीतच, ती म्हणाली. बरंय.
मग जरा थांबून,
मलाही घेऊन जा. गुडघे तेव्हा चांगले होते.

हे माझं अठरावं जूनशिवायचं वर्ष.
शाळा सकाळी दोनला भरते,
म्हणजे आपले आठ. उजाडलं की इथे एकपासून मोजतात,
आणि खरं सांगायचं तर हेच मला शहाणपणाचं वाटतं.
ऑफिसात गेतनेत माझ्या कराराच्या कागदावर
दोन तारखा लिहितो, एक त्याची, एक माझी,
मधे तिरकी रेघ. दरवर्षी विचारतो, टीचर, अजून एक वर्ष?
दरवर्षी मी म्हणते, शेवटचं.
तो हसत शिक्का मारतो.

आई गेली तेव्हा आपलं दोन हजार अकरा होतं.
फळ्यावर होतं दोन हजार चार.
तिकीट मिळालं तिसऱ्या दिवशी.
घरी पोचले तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
दुधाचा हिशोब, तिच्या अक्षरात,
सोळा तारखेपर्यंत. पुढचे चौकोन कोरे.

परत आले. खडू उचलला. तारीख लिहिली.
तेव्हा लक्षात आलं,
इथे तिचं ते साल अजून यायचं आहे.
मी गणित शिकवते. मला कळतं,
फक्त आरंभबिंदू सरकवलाय, अंतर तेवढंच राहतं.
तरी सात वर्षं रोज सकाळी
मी अशी तारीख लिहिली जिच्यात आई होती.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
सांगणार काय, आणि कुठल्या भाषेत.

दर नव्या वर्षाला आकडा एकनं पुढे.
पोरी गवताच्या जुड्या घेऊन दारोदार फिरत,
माझ्याही दारात येत, मी नाणी देत असे,
ब्रेड देत असे,
आणि मनात वजाबाकी चालू असे.
पाच राहिली. तीन राहिली.
गेल्या वर्षी एक.

आज नववी ब. एकसष्ट मुलं, बाकं चाळीसजणांची.
पुढे येशीवर्क देम्से,
हिची थोरली बहीण माझ्याकडे होती,
तीच कपाळपट्टी, तोच शंकेखोर डोळा.
खिडकीतून निलगिरीच्या सरपणाचा धूर.
मी महिना लिहिला, मस्करम. दिवस लिहिला, सात.
मग दोन. शून्य. एक.
खडू तिथेच राहिला.

टीचर, येशीवर्क म्हणाली, अकरा.
तिला वाटलं मी विसरले.
सहज होतं. परकी बाई, दोन कॅलेंडरं.
मागून कुणीतरी खुसखुसलं.
अकरा, मी म्हटलं, बरोबर आहे,
आणि दुसरा एक काढला,
पहिल्यापेक्षा जरा बुटका.

एकसष्ट वह्यांत ते साल उतरलं.
कुणी लाल पेनानं चौकटही आखली.

तहसास, म्हणजे आपला डिसेंबर,
अजून तीन महिने दूर आहे.
तेवढ्यात एकघाती समीकरणं संपतील.
छप्पर गळायचं थांबेल असं वाटत नाही.
तोवर आई आहे, किंवा
तोवर मला आहे म्हणता येतं, या फळ्यापुरतं.

दारात सुराफेल उभा, घामेजलेला, बूट हातात.
दोन वाजून वीस मिनिटं.
मला वाटलं शाळा उद्यापासून, तो म्हणाला.
बस, मी म्हटलं. मलाही तसंच वाटत होतं.