अठराशे अठ्ठेचाळीस तास

चाकणच्या कंपनीचा फॉर्म. नाव, पत्ता, जन्मतारीख,
मग एक चौकोन:
अनुभव, वर्षांत.

माझ्याकडे तास आहेत.
अठराशे अठ्ठेचाळीस, लॉगबुकात, निळ्या शाईत,
प्रत्येक पानाखाली बेरीज, बेरजेखाली सही.
चोवीसने भागून पाहिले.
नेमके सत्त्याहत्तर दिवस. बाकी शून्य.

म्हणजे सत्त्याहत्तर दिवस मी जमिनीवर नव्हते,
एवढंच.
उरलेली एकोणतीस वर्षं टिंगरेनगरात.

कंपनी बंद पडली मंगळवारी.
बुधवारी रोस्टर आलं, नेहमीसारखं,
कुणीतरी थांबवायला विसरलं असणार:
पहाटे चार पन्नास, पुणे–हुबळी,
फर्स्ट ऑफिसर मृण्मयी पोकळे.
मी गजर लावला नाही.
चार पन्नासला जागीच होते.

इनामदार खराडीत मुलामुलींना हसायला शिकवतो,
केबिन क्रूचा क्लास, तीन महिन्यांचा, फी हप्त्यांत.
कॅप्टन सुखटणकर घरीच असतात.
सोसायटीत पाण्याचा टँकर कधी येणार, कुठे वळणार,
याचं वेळापत्रक त्यांनी इतकं चोख लावलंय
की वॉचमनसुद्धा टँकर शिरला की सांगतो,
कॅप्टन, उतरला.
नाझनीन म्हणते, थांब गं,
दोन वर्षांत नवी विमानं येतायत, भरती निघेल.
ती थांबू शकते. तिचं कर्ज फिटलंय.

माझं बाबांच्या नावावर आहे.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं
काही उडू नये म्हणून जपत आलेला माणूस,
त्याने निवृत्तीचा सगळा पैसा
माझ्या उडण्यात घातला.

नियम असा आहे:
नव्वद दिवसांत तीनदा चढायचं, तीनदा उतरायचं,
नाहीतर हात परके झाले असं धरतात.
आज एकशे बारावा दिवस.
काल कणीक मळताना
उजवा अंगठा मध्येच थांबला, ट्रिमचं बटण शोधत.
आई म्हणाली, पाणी जास्त झालं का?

मुलाखतीत साहेबांनी विचारलं,
ट्रक आणि विमान, फरक काय पडतो तुम्हाला?
म्हटलं, ट्रक बाजूला घेऊन थांबवता येतो.
ते मनापासून हसले.
सोमवारपासून या म्हणाले.
मी जिन्यात उभी राहून, कितीतरी वेळ,
हे ठरवू शकले नाही
की आनंद झाला की नाही.

चौदा तारखेला मेडिकल संपतं.
ईसीजी, कान, डोळे, रक्त, आणि फी,
एका हप्त्याएवढी फी.
फोनवरची मुलगी घाईत होती:
मॅडम, तुमचा नंबर ठेवू की सोडू?
सोडा, म्हटलं.
तिने लगेच सोडला. अर्धा सेकंदही लागला नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

सकाळी ते चहा घेऊन गच्चीत येतात,
चष्मा कपाळावर, मोबाईल हातभर लांब.
हवामानाची आमची ती तुटक अक्षरं
त्यांनी माझ्याच पुस्तकांतून शिकून घेतली,
कुणी सांगितलं नव्हतं,
आणि रोज पेपराआधी वाचतात, पंचांग वाचावं तसं:
लोहगाव. दृश्यमानता तीन हजार.
धुरकट. ढग नाहीत.

वारा? मी विचारते.
तोंडातून निघूनच जातं.

दोनशे सत्तर. आठ नॉट.

म्हणजे आज आपल्यावरून चढणार.

हं, म्हणतात ते.
आणि येतंच ते, टाक्यांच्या मागून, जड पोटाचं,
कुणीतरी दुसरं उजव्या सीटवर.
बशीत कप किणकिणायला लागतो.
बाबा त्यावर एक बोट ठेवतात,
वर न बघता,
आवाज पुरता विरेपर्यंत.