आडवी जा

रस्ता संपतो तिथून अजून अकरा किलोमीटर,
आदेरितो म्हणाला, तेव्हा वाटलं चेष्टा करतोय.
रस्ता संपला.
मग अकरा किलोमीटर.

दोन्ही अंगांना बुचाची झाडं,
कमरेखाली सोललेली, तांबडीलाल,
प्रत्येकावर पांढऱ्या रंगात एकच आकडा.
चार. सात. एक.
त्याच्या पोर्तुगीजचं माझ्या कानात मराठीच झालं:
साल काढली, ते साल.
त्यानंतर नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही.

फाटकापाशी बूट औषधाच्या पाण्यात.
अत्तर लावलंय का? घड्याळ वाजतं का?
ग्रासिएते दाराला टेकून उभी, हनुवटीवर जुना ओरखडा.
'मांजरं दिसणार नाहीत,' म्हणाली.
'दिसली, तर आमचंच काहीतरी चुकलं.'

दोन विमानं, एक आगगाडी आणि आदेरितोची जीप,
एवढं करून मी एका खोलीत बसले.
भिंतभर पडदे, राखाडी,
प्रत्येकात थोडं गवत, एक ओंडका,
आणि बराचसा काहीच नाही.
पाळीवरचा झेफेरिनो वहीत लिहीत होता:
३.१० झोपली. ३.४० कूस बदलली. ३.५५ कान.
'कान?'
'हलवला.'
अशा वह्यांचं एक कपाट होतं.

मग चौथ्या पडद्यावरचा ओंडका उठला.
गालांवर दाढी, शेपूट घाईत संपवल्यासारखं,
कानांच्या टोकांना शाईत बुडवलेले कुंचले.
तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं.
म्हणजे माझ्याकडे नाही.

नाव उर्झ. डोंगरावरच्या एका जांभळ्या झुडपाचं.
पहिलटकरीण आईनं टाकलेली.
बेचाळीस रात्री, दर तीन तासांनी बाटली,
ग्रासिएतेच्या तोंडावर जाळी, हातात केसाळ मोजा,
आणि शब्द एकही नाही.
'कधीच बोलला नाहीत?'
'एकदा. ताप होता तिला.'
काय बोललात, हे विचारेपर्यंत
ती सशांची नळी धुवायला निघून गेली होती.

सोडण्याआधीचा शेवटचा धडा सकाळी.
माणूस दिसला की पळायचं.
शिकवायचं कुणी?
जिचा वास तिला सगळ्यात जास्त ठाऊक, तिनं.

मी भिंतीच्या अलीकडे, फक्त ऐकायला.
ग्रासिएते आत गेली, पहिल्यांदाच तोंड उघडं.
झेफेरिनो पडद्यावरून कुजबुजत सांगत होता:
आली. दोन पावलं. तिसरं.
मग पत्र्याचा डबा कडाडला.
मग पाण्याचा फवारा, आणि एक ओरडणं,
ज्याला कुठलीच भाषा नव्हती.
पुन्हा पुढे आली, झेफेरिनो म्हणाला.
पुन्हा डबा.
पाचव्यांदा तो काही बोलला नाही,
वहीत फक्त वेळ लिहिली.

ग्रासिएते बाहेर आली. 'पास झाली,' म्हणाली.
डबा खाली ठेवायचा राहून गेला होता,
तसाच घेऊन तिनं कॉफी ओतली.

गळपट्टा दाखवला मला. तळहातावर मावणारा,
बॅटरी संपली की आपोआप गळून पडणारा.
मी सांगितलं, आमच्याकडे मांजराच्या गळ्यात
घंटा कोण बांधणार, यावर उंदरांची सभा भरलीय,
अजून उठलेली नाही.
तिनं गंभीरपणे विचारलं,
'मग उंदरांचं पुढे काय झालं?'

परतीचे अकरा किलोमीटर अंधारात.
आदेरितोनं काटा वीसच्या वर जाऊ दिला नाही.
वळणावर पाटी: त्रिकोणात काळं मांजर.
'इथेच दोन गेली. गेल्या उन्हाळ्यात.'

लहानपणी मांजर आडवं गेलं की
सात पावलं मागे यायचे मी, मोजून.
परीक्षेला उशीर झाला तरी.
आता काचेला नाक लावून बसलेय:
जा ना. एकदा आडवी जा.
अडू दे माझं काम.

एक ससा गेला.
आदेरितोनं ब्रेक दाबला, दिवे मालवले.
'सशामागे कधीकधी कुणी असतं,' म्हणाला.
इंजिन टिकटिकत निवत गेलं.
आम्ही थांबलो.