खांब दिसेनासा झाला की

परिच्छेद सात, उपकलम तीन.
इथं एक आकडा लिहायचा आहे मला:
उपग्रह चुकीचं सांगू लागला
तर किती सेकंदांत विमानाला कळलं पाहिजे.
मी 'दोन' लिहिते. खोडते. पुन्हा लिहिते.
खिडकीबाहेर महाराजपुऱ्याची धावपट्टी
सकाळपासून नाही.
ग्वाल्हेरात जानेवारीत
गोष्टी आहेत असं धरून चालायचं.

कुलश्रेष्ठ साहेब म्हणतात, सहा पुरे.
सहा सेकंदांत विमान चारशे मीटर पुढे जातं
आणि वीस मीटर खाली.
शेवटच्या वीस मीटरांखाली काय असतं
ते मी फळ्यावर एका आडव्या रेघेनं दाखवते.
ते रेघ बघतात. चहा मागवतात.

बाबा सिथौलीला कोहऱ्याचे माणूस होते.
पगारपत्रकावर दुसरंच काही लिहिलेलं,
घरात आम्ही असंच म्हणायचो.
स्टेशनापासून एकशे ऐंशी मीटरवर एक खांब,
काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा,
दिसण्यापलीकडे त्याला काहीच काम नाही.
तो दिसेनासा झाला की निघायचं,
कुणी सांगायची वाट बघायची नाही.
कंदील, घोंगडी, डब्यात पटाखे.
सिग्नलच्या दोनशे सत्तर मीटर अलीकडे
रुळावर बांधायचे. दोन.
मधे दहा मीटर.

दोन कशाला, मी विचारलं होतं, दुसरीत असताना.
एखादा सादळलेला निघतो, बाई.
आणि दोन्ही सादळले तर?
ते हसले नाहीत. डबा कानाशी नेऊन हलवला.
दुसऱ्या दिवसापासून तो
आईच्या पापडांच्या डब्याशेजारी,
त्यावरून झालेलं भांडण अजून आठवतं.

धावपट्टीच्या कडेला आमच्या चार अँटेना आहेत.
फार काही येत नाही त्यांना. फक्त
आपण कुठं उभ्या आहोत
ते बोटभरही न चुकता ठाऊक आहे.
वरून कुणी म्हणालं, तू दोन हात डावीकडे आहेस,
तर त्या म्हणतात, नाही.
उरलेली चाळीस पानं
हे 'नाही' वेळेत कसं पोचवायचं त्याची.

आणि एक तळटीप माझी:
सूर्य मावळल्यावर इथलं आभाळ
साडेतीनशे किलोमीटर वर बिघडतं,
विद्युत्कणांच्या थराला भोकं पडतात,
त्यांतून आलेला उपग्रहाचा आवाज चिरकतो.
मूळ मसुदा ज्यांनी लिहिला
त्यांच्या गावी असं आभाळ नसावं.

रात्री बाबांना सांगितलं,
एक अब्ज वेळा उतरलं तर एकदा.
इतकीच चूक नजरेतून सुटू द्यायची.
ते उजव्या कानानं ऐकतात,
डावा पटाख्यांनी नेला.
"आणि उगाच किती वाजतील?"
मी गप्प.
"उगाच वाजले की ड्रायव्हर शिकतो,
न ऐकायला."
टिपून घेतलं. उपकलम चार.

मग ते झोपले, डावा कान वर करून.
आता त्यांना कशानंच जाग येत नाही.
पहाटे मात्र आपोआप उठतात,
गच्चीच्या दारातून
समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघतात,
दिसली तर परत येऊन पडतात.

साडेपाच वाजलेत.
अंथरूण गार आहे,
दारात त्यांच्या चपला नाहीत.