लांब पाय, आखूड पाय

वर तीन दिवस एकच चॅनल: हवामान.
सास्काटून, उणे एकतीस.
खाली तळघरात ऑर्विल पावलक,
भिंगाखाली उघडा रिमोट.

मार्टाच्या पलंगावरून टीव्हीपर्यंत पोचावा
म्हणून जास्तीचा एलईडी जोडला,
तर जुना होता तोही गेला.

सेल नवे. कथलाचे डाग पक्के.
मल्टिमीटर म्हणतो, ठीक आहे सगळं.
त्याला काय जातंय म्हणायला!

फोनचा कॅमेरा समोर धरून बटण दाबलं.
डोळ्यांना न दिसणारा उजेड
त्यात जांभळा दिसतो.
दिसायला हवा.

लांब पाय धन, आखूड ऋण.
चाळीस वर्षं वायरमन,
आणि उलटा बसवला.

पुन्हा डाग, पुन्हा धूर.
जांभळा ठिपका.

वरून हाक आली. "हो, आलोच," म्हणाला,
आणि दाबतच बसला
आणखी जरा वेळ.